एंट्री फी नऊ फेऱ्यांची, मोजले जाणारे डाव किती?

सेवा: फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे मानांकन, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, आपल्या बोलीत रेटिंग. ग्राहक: सोलापूर शहर-जिल्ह्यातले खेळाडू आणि त्यांचे पालक. शेरा: हिशेबाला पाचपैकी साडेचार, तो हिशेब ग्राहकाला समजावून सांगण्याला पाचपैकी दोन.

स्पर्धेच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेले असते, 'स्पर्धा फिडेच्या नियमांनुसार खेळवली जाईल'. पहिली गफलत इथेच होते. या वाक्याचा अर्थ एवढाच, की मोहऱ्याला हात लावला तर तोच चालवावा लागेल आणि नियमबाह्य चालीला दंड होईल. रेटिंगचा त्यात शब्दही नाही. रेटिंग हवे असेल तर स्पर्धा सुरू होण्याआधीच अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघामार्फत फिडेकडे नोंदलेली असावी लागते. आधी खेळून घेऊ, नोंदणीचे मागून बघू, असे चालत नाही. खूण सोपी आहे: पत्रकावर महासंघाचा इव्हेंट कोड असतो. त्यात एक क्रमांक, राज्याचे लघुरूप 'एमएएच' आणि वर्ष असते. कोड नसेल तर आयोजकांना फोन करून विचारा. कोड असला तरी फिडेच्या रेटिंग वेबसाइटवर भारत आणि महिना निवडून नोंदलेल्या स्पर्धांच्या यादीत नाव शोधा, आणि ती स्टँडर्ड (लांब डावांची), रॅपिड (जलद) की ब्लिट्झ (अतिजलद) म्हणून नोंदली आहे तेही बघा. दोन मिनिटांचे काम आहे. रविवारच्या एकदिवसीय स्पर्धेत चषक आणि प्रमाणपत्र मिळते, सरावही झकास होतो. पण नोंदणी नसेल तर त्या सात-आठ डावांचा रेटिंगच्या खात्यावर ठणठणाट.

आता मुख्य माल, घड्याळ. फिडे धरून चालते की डाव ६० चालींचा होईल. मूळ वेळेत प्रत्येक चालीमागे वाढणाऱ्या सेकंदांची साठ पट मिळवायची आणि एका खेळाडूच्या वाट्याला किती मिनिटे येतात ते बघायचे. साठ चाली गुणिले ३० सेकंद म्हणजे ३० मिनिटे, म्हणून ९०+३० चे (मूळ ९० मिनिटे, दर चालीला ३० सेकंद) होतात १२० मिनिटे. ६०+३० चे ९०. ४५+१५ चे बरोबर ६०. डाव प्रत्यक्षात वीस चालींत संपो की सव्वाशे चाली रंगो, या बेरजेत फरक पडत नाही.

स्टँडर्ड रेटिंगसाठी मार्च २०२४ पासूनचे मापदंड असे: दोघांपैकी एकाचेही रेटिंग २४०० किंवा त्याहून जास्त असेल तर प्रत्येकाला किमान १२० मिनिटे, एकाचेही १८०० किंवा वर असेल तर किमान ९०, दोघेही १८०० च्या खाली असतील तर ६० पुरतात. पहिल्या टप्प्यासाठी चालींची संख्या ठरवलेली असेल तर ती ३० पेक्षा कमी ठेवता येत नाही.

'दोघांपैकी एकाचेही' हे शब्द दोनदा वाचा. नियम त्या एका डावाकडे बघतो. ४५+१५ ची खुली स्पर्धा आहे, तुमचे रेटिंग १५६०, आणि तिसऱ्या फेरीत समोर १८४० चा खेळाडू आला. या डावाला ९० मिनिटे हवीत, घड्याळावर आहेत ६०. तुम्ही त्याला हरवले तरी गुणतक्त्यात एक गुण मिळेल. स्टँडर्ड रेटिंगसाठी तो डाव धरला जाणार नाही. म्हणून ४५+१५ ची स्पर्धा घ्यायची तर '१८०० खालील' अशी मर्यादा असलेली घ्यावी. खुल्या गटाला ६०+३० किंवा ९०+३० हवे. खुली स्पर्धा ४५+१५ वर ठेवणारा आयोजक एक तर नवखा आहे किंवा त्याला हॉलचे भाडे वाचवायचे आहे.

६० मिनिटांच्या आत आले की डाव रॅपिड. तिथे १० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी मिनिटे लागतात, म्हणून २५+१०, १५+१० आणि १०+५ हे सगळे रॅपिड. नुसती दहा मिनिटे, वाढीव सेकंद शून्य, हा मात्र ब्लिट्झ, कारण दहा म्हणजे 'दहापेक्षा जास्त' नव्हे. ५+५ चेही दहाच होतात, तोही ब्लिट्झ. ५०+५ फसवे आहे: ऐकायला लांबलचक, पण बेरीज ५५, म्हणजे रॅपिड. आणि ४५ मिनिटांवर लावलेले जुने चावीचे घड्याळ? वाढीव सेकंदच नाहीत. तोही रॅपिडच.

रॅपिड आणि ब्लिट्झची रेटिंग वेगळी चालतात. रविवारी रॅपिडमध्ये गमावलेले गुण स्टँडर्डमधून कापले जात नाहीत, तेव्हा त्या भीतीने मुलाला घरी बसवू नका. ज्याचे रॅपिड रेटिंग अजून नाही पण स्टँडर्ड आहे, त्याची रॅपिडची सुरुवात स्टँडर्डच्याच आकड्यावरून होते.

दिवसाला किती फेऱ्या, याचाही नियम आहे आणि सोलापूरकराच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. स्टँडर्डमध्ये एका दिवशी १२ तासांपेक्षा जास्त खेळ ठेवता येत नाही. मोजणी पुन्हा साठ चालींवरच. ९०+३० चा एक डाव दोघांचे मिळून चार तास, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त तीन. ६०+३० चे तीन तास, दिवसाला चार. ४५+१५ चे दोन तास, कागदावर सहा. (सहा डाव खेळलेल्या दहा वर्षांच्या पोराला संध्याकाळी उंट कुठल्या रंगाच्या घरात आहे हेही सांगता येणार नाही, पण नियमाला त्याचे देणेघेणे नाही.) पुण्यातली नऊ फेऱ्यांची ९०+३० ची स्पर्धा रोज दोन डावांनी पाच दिवस चालते, लॉज, जेवण, शाळेच्या सुट्ट्या सगळे धरा. ६०+३० ला रोज तीन डाव ठेवले तर तीन दिवसांत आटोपते. १८०० च्या खाली असलेल्यांसाठी रेटिंगच्या दृष्टीने दोन्हींचे मोल सारखेच. आमचे मत: १४०० ते १७०० मधल्या मुलाला शहराबाहेर न्यायचे तर ६०+३० घ्या. विचार करायला वेळ मिळतो आणि शनिवार-रविवारला एकच सुट्टी जोडावी लागते.

परतीच्या गाडीचे गणित एंट्री भरण्याआधीच करा. ९०+३० ची शेवटची फेरी दुपारी तीनला असेल तर साठ चालींचा डाव सातपर्यंत जाऊ शकतो. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस गेलीच समजा. मग लोक शेवटच्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे न खेळता गुण देणारी सुटी, मागतात. बायचा गुण स्पर्धेच्या तक्त्यात चढतो, रेटिंगमध्ये शून्य, कारण डाव झालाच नाही. वॉकओव्हरचेही तेच. प्रतिस्पर्धी आला नाही म्हणून मिळालेला गुण रेटिंगला चालत नाही आणि तुम्ही गैरहजर राहिलात तरी त्यापायी रेटिंग कापले जात नाही. किती उशीर चालेल हे आयोजकांनी आधी जाहीर करायचे असते. जाहीर केले नसेल तर सवलत शून्य मिनिटे. सकाळची गाडी पकडून त्याच सकाळी पहिली फेरी खेळायचा बेत असेल तर पत्रकातली ही ओळ आधी शोधा. दोन्ही बाजूंनी एकेक चाल झाली, की मात्र डाव मोजला जातो. दुसऱ्या चालीला बरोबरी केली तरी रेटिंगच्या दृष्टीने तो पूर्ण डाव आहे.

सर्वांत मोठी गळती होते ती बिगर-रेटिंग प्रतिस्पर्ध्यांमुळे. स्विस पद्धतीत (दर फेरीला साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात) रेटिंगवाल्याचा डाव बिगर-रेटिंगवाल्याशी पडला तर रेटिंगवाल्याच्या खात्यात काहीच जात नाही. दोघेही बिगर-रेटिंग असतील तर दोघांनाही काही नाही. आपल्या भागातल्या खुल्या स्पर्धांत नवीन मुलांचा भरणा असतो, त्यामुळे नऊ फेऱ्यांची स्पर्धा मोजल्या जाणाऱ्या पाच डावांवर येणे ही नेहमीची गोष्ट. एंट्री भरण्याआधी ऑनलाइन टाकलेली नावनोंदणीची यादी उघडा आणि रेटिंगच्या रकान्यात शून्य असलेली नावे मोजा. निम्मी यादी शून्यांची असेल आणि मुलाला रेटिंग वाढवायचेच असेल, तर तोच पैसा सांगली-पुण्याच्या भक्कम यादीच्या स्पर्धेवर घाला. रेटिंग नसलेल्या मुलाने तर हे आधी बघावे, कारण त्याला पहिल्या रेटिंगसाठी किमान पाच रेटिंगवाले प्रतिस्पर्धी लागतात. ते एकाच स्पर्धेत मिळायला हवेत असे नाही. २६ महिन्यांत मिळून झाले तरी चालते. पहिल्याच स्पर्धेत रेटिंगवाल्यांविरुद्ध एकही गुण मिळाला नाही तर ती स्पर्धा धरतच नाहीत, तेव्हा रडारड नको.

पहिल्या रेटिंगचे सूत्र २०२४ मध्ये बदलले आणि पालकांच्या गळी ते अजून उतरलेले नाही. प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांच्या जोडीला १८०० चे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी धरतात आणि त्या दोघांशी बरोबरी झाली असे मानतात. समजा पाच प्रतिस्पर्धी १४५०, १५२०, १६००, १४८० आणि १५५० चे होते. बेरीज ७६००, त्यात ३६०० मिळवून ११२००, सातांनी भागले की सरासरी १६००. मुलाने पाचपैकी दोन गुण केले. काल्पनिक दोन बरोबऱ्यांचा एक मिळवून सातपैकी तीन, म्हणजे ४३ टक्के. फिडेच्या तक्त्यानुसार ४३ टक्क्यांना सरासरीतून ५० वजा. पहिले रेटिंग १५५०. पाचपैकी एकच गुण असता तर २९ टक्के, वजा १५८, म्हणजे १४४२. अर्धाच गुण असता तर १३७०, आणि १४०० ही तळाची मर्यादा असल्याने मुलगा बिगर-रेटिंगच राहिला असता. वरची मर्यादाही आहे: पहिले रेटिंग कितीही निघाले तरी २२०० च्या वर देत नाहीत.

ही १४०० ची तळरेषा मार्च २०२४ ची. त्याआधी ती १००० होती. त्याच वेळी २००० च्या खालच्या सगळ्यांचे स्टँडर्ड रेटिंग एकदाच वाढवले: २००० ला जितके कमी, त्याच्या ४० टक्के मिळवले. १२०० चा १५२० झाला, १६०० चा १७६०. म्हणून जुन्या प्रमाणपत्रावरचा १२५० आणि आजचा १५०० यांची तुलना करून 'आमच्या वेळी रेटिंग मिळवणे अवघड होते' असे कुणी सांगू लागले तर ऐकून घ्या, पण मनावर घेऊ नका.

गुणांची वाढ-घट मोजायला के हा गुणक लागतो. नव्या खेळाडूला पहिले ३० डाव पूर्ण होईपर्यंत ४०. ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात त्या वर्षअखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, ४०. बाकी २४०० पर्यंत २०, आणि एकदा २४०० गाठले की १०. रॅपिड-ब्लिट्झला सर्वांना २०. उदाहरणार्थ १५०० च्या मुलाने १६०० वाल्याला हरवले: अपेक्षित गुण ०.३६, मिळाला १, फरक ०.६४ गुणिले ४० म्हणजे २५.६ ची कमाई. हरला तर १४.४ चे नुकसान. उलट २००० चा प्रौढ खेळाडू १४५० च्या मुलासमोर बसला तर साडेपाचशेचा फरक ४०० च धरतात. जिंकला तर १.६ मिळतात, हरला तर १८.४ जातात. आपल्याकडच्या अनुभवी खेळाडूंची छोट्या पोरांसमोर बसताना जी चिडचिड होते, तिचा आकडा हाच.

मे महिन्याच्या सुट्टीत ओळीने स्पर्धा खेळवणाऱ्यांसाठी एक कलम आहे, जे पत्रकात कधीच नसते. एका महिन्याच्या रेटिंग यादीसाठी मोजलेले डाव गुणिले के ७०० च्या वर जाऊ देत नाहीत. के ४० असेल तर १७ डाव बसतात. नऊ-नऊ फेऱ्यांच्या दोन स्पर्धांत अठराही डाव मोजले गेले तर के ३८ वर येतो. तीन स्पर्धांत सत्तावीस झाले तर २५ वर. मुलगा तिन्हींत जोरात खेळला तरी अपेक्षेपेक्षा कमी रेटिंग वाढते, आणि घरी समजतात की पंचांनी घोळ घातला. आणखी एक: रेटिंग धरतात ते स्पर्धा सुरू होताना लागू असलेल्या यादीतले. ५ तारखेच्या स्पर्धेत चाळीस कमावले तरी त्याच महिन्यात २० तारखेला तुम्ही जुन्याच आकड्याने बसता. ऑनलाइन खेळाच्या संकेतस्थळांवरचे १९०० या कशातही येत नाही.

सेवेचा चेहरा, म्हणजे फिडेची वेबसाइट, दिसायला साधी आणि कामाला चोख. नवी यादी दर महिन्याच्या एक तारखेला लागते. खेळाडूच्या पानावर तीन रेटिंग, आणि कॅल्क्युलेशनच्या दुव्यावर स्पर्धानिहाय हिशेब: प्रतिस्पर्ध्यांची सरासरी, तुमचे त्या वेळचे रेटिंग, मिळालेले गुण, 'एन' म्हणजे मोजलेले डाव, के आणि शेवटी फरक. पालक थेट शेवटच्या रकान्याकडे बघतात. बघायचा तो 'एन'. एंट्री फी, प्रवास आणि लॉजची बेरीज या 'एन'ने भागा. मोजल्या गेलेल्या एका डावाला किती रुपये पडले ते निघेल. पुढची स्पर्धा निवडायला याहून बरा निकष नाही. स्पर्धा चालू असताना निकालांच्या संकेतस्थळावर दिसणारा रेटिंगच्या अधिक-उणेचा रकाना अंदाजच समजा. सातशेची मर्यादा तिथे धरलेली नसते.

इथेच आम्ही गुण कापले. कुठला डाव का मोजला नाही, हे वेबसाइट कुठेच सांगत नाही. वेळ अपुरी होती की प्रतिस्पर्धी बिगर-रेटिंग होता, हे आपले आपण ताडायचे. नियमावली इंग्रजीत, कलमांची भाषा वकिली. बार्शी-पंढरपूरच्या पालकाला ती कुणी उलगडून सांगावी, हे ठरलेले नाही. स्थानिक पंच सांगतात, पण पेअरिंग (फेरीच्या जोड्या) लावताना समोर दीडशे पोरे आणि तीनशे पालक उभे असताना किती सांगणार?

उशीर झाला तर घाबरू नका. मुख्य पंचांनी सात दिवसांत अहवाल महासंघाच्या रेटिंग अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो आणि तो तीस दिवसांत फिडेच्या सर्व्हरवर चढवायचा असतो, त्यामुळे महिनाअखेरची स्पर्धा पुढच्याच यादीत दिसेल याची खात्री नाही. खरी डोकेदुखी चुकीच्या माहितीची. एकाच मुलाचे दोन फिडे आयडी (नोंदणी क्रमांक) निघाले तर डाव दोन खात्यांत वाटले जातात आणि पाच प्रतिस्पर्धी कुठेच पूर्ण होत नाहीत. जन्मवर्ष चुकले तर के ४० ऐवजी २० लागू शकतो आणि कमाई निम्मी होते. शेवटच्या फेरीनंतर हॉलबाहेर पडण्याआधी निकालपत्रकात मुलाच्या नावापुढचा आयडी आणि जन्मवर्ष बोट ठेवून वाचा, चूक असेल तर तिथेच पंचांना दाखवा. अहवाल त्यांच्या लॅपटॉपमधून एकदा गेला की तीच दुरुस्ती जिल्हा, राज्य, महासंघ आणि फिडे अशी चार दारे फिरून येते.